कानाची कविता, पानाची कविता

गणपतीपुढे आरती आपण पुस्तकात पाहून म्हणत नाही. घरच्या मोठ्यांकडून ऐकून ती पाठ झालेली असते. मराठी कविता शतकानुशतके अशीच चालत आली. ओवी जात्यावर, अभंग टाळांवर, पोवाडा डफावर. छापखाना आला आणि पानासाठीही कविता लिहिली जाऊ लागली. केशवसुतांनी (१८६६–१९०५) चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले. ते एकट्याने, थांबत, पुन्हा मागे जाऊन वाचायचे.

त्यांच्याहून थोडे धाकटे, आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे गाण्यासाठी लिहीत राहिले. ख्यालाच्या या गावात कवितेच्या माथ्यावर राग-ताल नोंदवणारा कवी कोणाला नवा वाटणार? त्यांचे ध्रुवपद फिरून फिरून येते, कारण ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. तांबे १९४१ मध्ये गेले. पुढे लता मंगेशकरांच्या आवाजात त्यांची कविता ज्या घरांत पोहोचली, त्यांतल्या कितीतरी घरांत त्यांचा संग्रह कधीच नव्हता.

आमची मुले हिंदीमुळे देवनागरी सहज वाचतात, तरी मराठी पुस्तक उघडत नाहीत. घरात मराठी उरली आहे ती कानावर. म्हणून आम्हाला वाटते, उत्सवात तांबे गाऊन घ्यावेत आणि केशवसुतही मोठ्याने वाचावेत. सुनीत एका ऐकण्यात पुरते कळणार नाही. पण न कळलेली ओळच एखाद्या मुलाला कपाटातल्या पुस्तकापर्यंत नेईल.