दंतवैद्यक-प्रवेश : गुण आणि हात
१८४० मध्ये बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले. १९२६ च्या गीज-अहवालाने या शिक्षणापूर्वी दोन वर्षांच्या महाविद्यालयीन अभ्यासाचा आग्रह धरला व प्रवेशात गुणांचे महत्त्व वाढले. परंतु गुणांवरून हाताची पारख होत नाही. म्हणून अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या १९५० पासूनच्या देशव्यापी अभियोग्यता-कसोटीत विज्ञानाच्या प्रश्नांसमवेत खडू कोरण्याची परीक्षाही असे. दिलेल्या मापाबरहुकूम चाकूने आकार साधावा लागे. १९७२ मध्ये तिच्या जागी आकृत्यांची लेखी चाचणी आली. तपासणी सुकर झाली. मात्र या चाचणीत पारख होई ती दृष्टीची, हाताची नव्हे. जे सहज मोजता येते तेच पात्रतेचे प्रमाण ठरते, असा या बदलाचा अर्थ आहे.