कोल्हापूरचा समुद्र

पंचगंगेच्या घाटावर उभे राहिलेल्या माणसाला समुद्राची आठवण व्हावी असे तेथे काही नाही. ते पाणी कृष्णेला मिळते आणि सारी दक्षिण ओलांडून बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. वस्तुतः पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरांवर आहे. पण मध्ये सह्याद्री आडवा पडला आहे आणि त्याने आमच्या नद्यांची तोंडे उलट दिशेला फिरविली आहेत. करवीरच्या इतिहासाचेही थोडेसे तसेच झाले आहे. पन्हाळा, विशाळगड, भुदरगड ही नावे आपल्याला पाठ असतात. परंतु या गादीला ऐंशी वर्षांहून अधिक काळ समुद्रकिनारा होता, त्या किनाऱ्यावर तिची लढाऊ गलबते होती आणि मुंबईकर इंग्रज त्यांना ‘मालवणी’ या नावाने ओळखून वचकून असत, हे कोल्हापुरात पुष्कळांच्या कानावरून गेलेले नसते.

कागदावर हा किनारा चटकन सापडतो. १७३१ च्या वारणेच्या तहाने साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांच्यात मुलखाची वाटणी झाली. तीत कोकणात साळशीपासून दक्षिणेकडे अंकोल्यापर्यंतचा भाग करवीरकडे आला. एका ओळीत केवढा मुलूख! प्रत्यक्षात त्या टापूत वाडीचे सावंत होते, गोव्याचे पोर्तुगीज होते, उत्तरेच्या अंगाला आंग्रे होते. कोल्हापूरच्या हाती समुद्रावर खरोखर टिकले ते मालवण आणि त्याच्या भोवतीचे चार किल्ले. एवढ्याशा जागेच्या बळावर घाटावरचे एक लहान राज्य किनाऱ्यावरील व्यापाराला धाक कसा घालू शकले? इंग्रजी दप्तरात याला ‘चाचेगिरी’ हे एकाच शब्दाचे उत्तर आहे. तो शब्द हरकत घेणाऱ्याचा आहे, आणि त्याने कसे याचा उलगडा होत नाही. उलगडा तेथल्या खडकांत आहे, आणि ते खडक पाहावयाचे तर पायी जावे लागते.

पायीच का, असे कोणी विचारील. कारण असे की मोटारीचा रस्ता बहुतेक ठिकाणी सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरून जातो. खाडी आली की तो आत वळतो, पूल गाठतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. समुद्र दिसतो तो वरून आणि लांबून. खालचे खडप, म्हणजे भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा कातळ, गाडीतून दिसतच नाही. आणि या किनाऱ्याचा सारा इतिहास त्या बुडत्या-उघडत्या पट्ट्यात घडलेला आहे.

या वाटेवर चालणाऱ्याला घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. तेथून सहा तास पुढे किंवा मागे मोजले की ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण पायाखाली कातळ राहील की पाणी येईल एवढे त्यावरून निश्चित कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते.

सुरुवात विजयदुर्गापासून करावी. हा किल्ला कोल्हापूरच्या शिलाहार भोज राजाने बांधला अशी परंपरा आहे, आणि पन्हाळ्याचे कर्तृत्वही त्याच घराण्याकडे जाते. वाघोटण खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या भूशिरावर तो उभा आहे. गलबते खाडीतून आत नेऊन लपविता येत. आंग्र्यांनी खाडीच्या आतल्या अंगाला खडक खोदून गोदीही केली. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात आणि लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लावला असे सांगतात. हे खरे नाही. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा तेथूनच पाहिली. विजयदुर्गास तो आला १८९८ च्या जानेवारीतील ग्रहणासाठी. कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. फक्त तीस वर्षे इकडची तिकडे झाली. किनाऱ्यावरच्या पुष्कळ कथांचे असेच असते, म्हणून त्या टाकूनही देऊ नयेत आणि तशाच उचलूही नयेत.

विजयदुर्गाच्या दक्षिणेस देवगड, आणि त्याच्या पुढे कुणकेश्वर. देवळाच्या पायथ्याशीच समुद्र आहे. ओहोटीला तेथल्या कातळावरची शिवलिंगे उघडी पडतात आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. येथवर खाली काळा कातळ आणि वर जांभा अशी सड्याची घडण दिसते. आचऱ्याची खाडी ओलांडून मालवणकडे येऊ लागले की किनाऱ्याचा चेहरा बदलतो. घाटावरच्या आपल्या ओळखीचा काळा दगड संपत येतो आणि त्याहून कितीतरी जुने, कठीण आणि दाणेदार खडक समुद्रात सुटे सुटे उभे राहिलेले दिसतात. मालवणचे आरमार समजावयाचे तर हा बदल ध्यानात ठेवला पाहिजे.

मालवण मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी दक्षिणेचा पल्ला उरकू. तारकर्ली-देवबागची पुळण म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला तर घेऊन पलीकडे गेले की भोगवे, मग निवतीचे भूशिर. निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक दिसतात; नकाशांतून त्यांना ‘बर्न्ट आयलंड’ म्हणतात. त्यांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी करतात, आणि ती घरटी परदेशी खाण्यासाठी विकली जात म्हणून चोरीस जात असत. पुढे कोंडुरा, खानोलकरांच्या कादंबरीने हे नाव मराठी घराघरांत नेले. खडकाच्या फटीत लाट शिरते आणि जमिनीच्या पोटातून आल्यासारखा आवाज होतो. नंतर वेंगुर्ले, डचांची सतराव्या शतकातील वखार. हा सारा भाग सावंतांचा. कोल्हापूरचा हात येथे फारसा पोचला नाही.

आता मालवण. गावाच्या दक्षिणेस, किनाऱ्यावर एक मोठा खडक आहे. त्याला मोरयाचा धोंडा म्हणतात. त्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घालण्यापूर्वी शिवाजी महाराजांनी येथे पूजा केली असे सांगतात. तारीख २५ नोव्हेंबर १६६४, तिथी मार्गशीर्ष बहुल द्वितीया, शके १५८६. आता मघाचा पाऊणपटीचा हिशेब येथे लावून पाहा. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे भर उधाण. भरती दुपारी दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेसातला. त्या सकाळी कुरटे बेट आणि किनारा यांच्यामधले खडप जितके उघडे पडू शकते तितके पडलेले असणार. मुहूर्त जोशांनी काढला असेल. पण किल्ला बांधावयास निघालेल्या माणसाला पाण्याखालचा नकाशा पाहण्यास याहून चांगली सकाळ मिळाली नसती. हे माझे अनुमान आहे, कोणत्या बखरीतले वाक्य नाही.

धोंड्यापाशी उभे राहून ओहोटीत पाहिले की सिंधुदुर्गाचा तट हे संरक्षणाचे दुसरे कडे आहे हे ध्यानात येते. पहिले कडे निसर्गाचे. बेटाभोवती पाणबुडे खडक असे पसरले आहेत की माहीतगार तांडेलावाचून होडी नीट आत येत नाही. पद्मगडाच्या खडकापर्यंत तर ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पाण्यातून चालत जाता येते. सहा तासांनी तेथेच माणूस बुडेल इतके पाणी असते. किल्ल्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडविला आहे की अगदी जवळ गेल्यावाचून तो दिसत नाही. आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूंकडे खारे पाणी असताना वेढा सोसण्याची शक्ती या तीन विहिरींत होती.

आता कोल्हापूरच्या आरमाराचे कोडे सुटते. मोठे जहाज खोल बुडते. त्याला खोल पाणी लागते. गलबत उथळ पाण्यावर तरंगते आणि वल्ह्यांवरही चालते. दुपारी समुद्रात जाऊन माल अडवावा, पाठलाग झाला तर खडपाच्या आत शिरावे. मागून येणाऱ्या जहाजाला खडकाबाहेरच थांबावे लागे. मालवणी गलबतांचे सामर्थ्य तोफांत थोडे आणि पायाखालच्या दगडांच्या माहितीत फार होते. ज्यांना इंग्रजांनी चाचे म्हटले ते परवान्यावाचून जाणारे जहाज पकडण्याला आपल्या राज्याचा हक्क समजत. लुटीचा भाग त्यात नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये.

१७६५ साली मुंबईकरांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतलाच. त्याला त्यांनी ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. करवीरच्या कारभाराची सूत्रे त्या वेळी जिजाबाईंच्या हाती होती. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी किल्ला परत केला, तोही व्यापाराला उपद्रव न देण्याचे वचन आणि पावणेचार लाखांहून अधिक रुपयांचा करार घेऊन. जिंकलेला किल्ला का सोडला? ठेवण्याचा खर्च परवडेना, हे त्यांचे कारण. हे कारण त्या बेटावर उभे राहिल्यावर पटते. त्या खडकांत लहान गलबतांचे आरमार सुखाने राहते; मोठ्या जहाजांच्या आरमाराला तेथे राहून करावयाचे काय? ऑगस्टस हे नाव आज मालवणात कोणाच्या तोंडी नाही.

१८१२ मध्ये मात्र काळ बदलला होता. करवीरचे शिवाजी महाराज निपाणीकरांशी आणि पेशव्यांशी चाललेल्या झगड्यात घेरले गेले होते. एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने तह झाला. राज्य वाचले आणि समुद्र गेला. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट ही चार नावे त्या तहात आहेत. सशस्त्र गलबते न बाळगण्याचेही कबूल करून घेतले आहे. उत्तरेला सर्जेकोटपासून निघून राजकोटावरून दांडीच्या किनाऱ्यापर्यंत यावे. ओहोटी साधली तर पद्मगडही पायी होतो. सकाळच्या प्रहरात हे सारे चालून होते. कोल्हापूरचा समुद्र असा एका सकाळच्या चालण्यात मावणारा होता.

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्या यादीत पन्हाळा आहे, विजयदुर्ग आहे आणि सिंधुदुर्गही आहे. यादीच्या नावात नुसते किल्ले नाहीत, त्यांच्या भोवतीचा भूप्रदेश आहे, हे मला विशेष वाटते. मालवणचे खडप त्यात आपोआप आले.

सिंधुदुर्गात शिवाजी महाराजांचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. आतली मूर्ती दाढी नसलेली, बैठी, आपल्या नेहमीच्या चित्रांतल्या महाराजांहून वेगळी आहे. किल्ला १८१२ मध्ये कोल्हापूरच्या हातून गेला. त्या मंदिरापुढचा सभामंडप पुढे कोल्हापूरच्याच शाहू छत्रपतींनी बांधविला.