सुट्या भागांची मोटार आणि तिचा विमा

विमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरी झालेली वस्तू उभी राहते. घर बांधून झाले, त्याचा विमा उतरविला. मोटार विकत घेऊन दारी आणली, तिचा विमा उतरविला. परंतु जी वस्तू अद्याप वस्तूच झालेली नाही, जिची चाके एका कोपऱ्यात, इंजिन दुसऱ्या कोपऱ्यात आणि सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा आहे, तिचा विमा कसा उतरावयाचा? इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर घरच्या घरी मोटार बांधण्याचा नाद असलेला एक मोठा वर्ग निर्माण झाला, आणि या वर्गाने हा प्रश्न कायदेपंडितांना, करखात्याला आणि विमेवाल्यांना पुन्हा पुन्हा विचारावयास लावला. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रश्न तसा फार जुना आहे. पाली भाषेतील मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंद रथात बसून भिक्षु नागसेनाकडे येतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतो की, रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय, की चाके, की जू? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते, आणि शेवटी असे ठरते की हे सारे भाग एकत्र आले म्हणजे त्यांना व्यवहारात ‘रथ’ हे नाव मिळते. नागसेनाचे समाधान तेवढ्याने झाले. विलायतेतील करखात्याचे मात्र झाले नाही, कारण नाव पडताच कर द्यावा लागत होता.

मोटारीच्या विम्याचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. १८९६ साली लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस येथे एका पादचारी स्त्रीचा मोटारीखाली सापडून मृत्यू झाला. इंग्लंडातील अशा प्रकारचा हा पहिला मृत्यू मानला जातो. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लॉइड्सच्या विमेवाल्यांकडे मोटारीचा विमा मागण्यास लोक आले, तेव्हा त्या जहाजी परंपरेतील मंडळींनी मोटारीचे वर्णन ‘जमिनीवर चालणारे जहाज’ असे केले, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून हसू येते खरे, पण ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

१९३० पर्यंत विमा उतरविणे न उतरविणे हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न होता. मोटारीने एखाद्याचा पाय मोडला, न्यायालयाने नुकसानभरपाई मंजूर केली, आणि मालकाजवळ फुटकी कवडी नसली, तर त्या हुकूमनाम्याचा कागद उशाशी घेऊन निजण्यापलीकडे जखमी माणसाच्या हाती काही उरत नसे. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने हे बंद केले. त्याच कायद्याने मोटारींवरील ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादा काढून टाकली आणि परक्या माणसाला होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात हीच तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली. पण त्यातील विम्याचे प्रकरण लागू व्हावयास १९४६ चा जुलै उजाडावा लागला.

या सक्तीचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक ‘रस्त्यावर’ आणि दुसरा ‘मोटार’. इंग्रजी कायद्याने मोटारीची व्याख्या केली ती यंत्रबळाने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्यासाठी उद्दिष्ट असलेले किंवा त्यासाठी जुळवून घेतलेले वाहन, अशी. घरातील बंद गाडीखान्यात ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या सांगाड्याला यांपैकी कोणता शब्द लागू पडतो?

न्यायालयांपुढे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. त्यांच्यापुढे जन्माला येणाऱ्या मोटारी नव्हत्या, मरणाऱ्या होत्या. १९६१ च्या एका खटल्यात, रस्त्यावर उभी असलेली पण आत इंजिन नसलेली मोटार ही मोटार आहे की नाही, असा वाद निघाला. न्यायाधीशांनी सांगितले की, इंजिन काढले एवढ्याने मोटारीचे मोटारपण जात नाही. ते लवकरच पुन्हा बसेल असा संभव असेल तर ती यंत्रवाहनच होय. पुढच्याच वर्षी दुसरा खटला झाला. त्यातील मोटार गंजलेली, यंत्रबळ नाहीसे झालेली, दोरीने ओढून नेली जाणारी अशी होती. ती पुन्हा चालू होण्याची वाजवी आशाच उरली नसल्यामुळे ते वाहन नव्हे, असा निर्णय मिळाला. म्हणजे आशा असेपर्यंत मोटार आणि आशा सुटली की भंगार! कायद्याच्या रुक्ष पुस्तकांत इतके माणुसकीचे गमक क्वचितच सापडेल. घरी मोटार बांधणाऱ्याजवळ तर आशेवाचून दुसरे भांडवलच नसते. तेव्हा त्याने तो सांगाडा चाकांवर घालून दोरीने जरी सार्वजनिक रस्त्यावर आणला, तरी आपण कायद्याच्या टप्प्यात आलो असे समजूनच वागावे, हे बरे.

आता करखात्याकडे वळू. १९४० च्या ऑक्टोबरात, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश सरकारने खरेदी-कर बसविला. युद्ध संपले तरी हा कर राहिला, आणि १९५१ साली तर मोटारींवर त्याचा दर शेकडा ६६ व दोन-तृतीयांश इतका चढला. शिवाय कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या मोटारी परदेशी चलनासाठी निर्यात होत. घरच्या गिऱ्हाइकाने वाट पाहत बसावे. परंतु कर होता तो पुऱ्या मोटारीवर. सुट्या भागांचा संच विकत घेऊन गिऱ्हाइकाने तो स्वतः जोडला, तर त्याच्यावर हा कर नव्हता. जो प्रश्न नागसेनाने राजाला घातला तोच करखात्याने स्वतःला घातला, आणि उत्तर दिले की भाग म्हणजे रथ नव्हे.

या एका उत्तरावर पुढे एक उद्योग उभा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली मोटार बांधली. ही ऑस्टिन सेव्हन १९२२ पासून १९३९ पर्यंत निघालेली गरिबांची गाडी. इंजिन अवघे ७४७ घन सेंटिमीटरचे. जुन्या बाजारात स्वस्त मिळे आणि उघडझाप करावयास सोपी असे. चॅपमनने १९५२ साली लोटस नावाची संस्था हॉर्न्सी येथे एका हॉटेलामागील जुन्या तबेल्यांत थाटली. १९५७ साली तिची ‘सेव्हन’ नावाची मोटार निघाली. पुरी बांधलेली घेतली तर करासह १,०३६ पौंड, आणि सुट्या भागांत घेतली तर ५३६ पौंड! पाचशे पौंड वाचविण्यासाठी किती तरुणांनी हात काळे केले असतील याची कल्पनाच करावी. गिऱ्हाइकाला जोडणीची माहिती लिहून दिल्यास कराची सवलत जाईल, म्हणून मोटार ‘सुटी करावी कशी’ याची माहिती दिली जाई आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी अशी अपेक्षा असे, ही आख्यायिका त्या काळची. वेल्समध्ये पाँटिप्रिड गावाजवळ १९५९ साली एका खाटकाने आणि एका जर्मन तंत्रज्ञाने मिळून गिल्बर्न नावाची मोटार काढली, तीही याच वाटेने. १९७३ च्या एप्रिलात खरेदी-कर जाऊन त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला, तेव्हा सुट्या संचाची ही सवलत संपली. त्याच साली गिल्बर्नचा कारखाना बंद पडला, आणि लोटसने ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम येथील विक्रेत्याला विकले.

करातली सवलत गेली, पण नाद गेला नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने, अवघ्या २५० पौंडांत आपली शर्यतीच्या घाटाची मोटार घरी कशी बांधावी, यावर पुस्तक लिहिले, आणि ते वाचून अनेकांनी गाडीखान्यात लोखंडी नळ्या सांधावयास घेतल्या. येथे आपण खऱ्या अडचणीपाशी येतो.

असा विचार करा. एक गृहस्थ तीन वर्षे संध्याकाळी कचेरीतून येऊन मोटार बांधतो आहे. पगारातून दर महिन्यास काही ना काही घेतो. कधी दिवे, कधी विरोधक, कधी पुनर्बांधणी केलेले इंजिन. गाडीखान्यात पेट्रोल आहे, रंग आहे, सांधकामाच्या ठिणग्या आहेत, आणि त्याच छपराखाली घरही आहे. एका रात्री आग लागली, किंवा कुलूप फोडून कोणी इंजिन नेले, तर काय? तो निश्चिंत असतो, कारण घराचा व घरातील सामानाचा विमा आहे. परंतु घरसामानाची विमापत्रे उघडून पाहिली, तर बहुधा त्यांत मोटारी व त्यांचे भाग वगळलेले आढळतात. बरे, मोटारीचा नेहमीचा विमा घ्यावा, तर तो नोंदणी क्रमांक मागतो, आणि न झालेल्या मोटारीला क्रमांक कोठला? घरविमा म्हणतो ही मोटार आहे. मोटारविमा म्हणतो ही मोटार नव्हे. दोन दारांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची ही स्थिती आहे. आणि सक्तीचा कायदाही येथे मदतीस येत नाही, कारण तो रस्त्यावरच्या परक्या माणसाची काळजी वाहतो, गाडीखान्यातल्या मालकाची नव्हे.

यावर तोडगा निघाला तो ‘जमिनीवरच्या जहाजा’च्या जुन्या कल्पनेतूनच जणू. जहाजबांधणीच्या धंद्यात बांधकाम चालू असलेल्या जहाजाचा विमा फार दिवसांपासून रूढ आहे. कणा गोदीत बसविल्यापासून, जहाज पाण्यात उतरून, त्याची चाचणीची सफर होऊन ते मालकाच्या हवाली होईपर्यंत जोखीम विमेवाला घेतो. हौशी मोटारींचे विमे उतरविणाऱ्या इंग्लंडातील खास विमेवाल्यांनी अशाच धर्तीचे बांधणी-काळाचे विमापत्र रूढ केले. त्यात आग, चोरी आणि अपघाताने होणारी मोडतोड येते. रस्त्यावर चालविण्याची मुभा येत नाही, म्हणून हप्ताही हलका असतो. विम्याची रक्कम मात्र बांधणीबरोबर वाढवीत न्यावी लागते. पहिल्या वर्षी नुसता सांगाडा असताना ठरविलेली रक्कम तिसऱ्या वर्षी रंगविलेल्या मोटारीला अपुरी पडते, आणि ती वेळीच न वाढविणारा माणूस स्वतःच आपले नुकसान ओढवून घेतो. इंजिन दुरुस्तीस दुसऱ्याच्या कारखान्यात धाडले असेल, तर तेथेही विमा लागू राहील काय, हे आधी विचारून घ्यावे लागते. प्रत्येक पावती जपावी, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे.

आणि तरीही एक गोष्ट निसटतेच. पावती मिळते ती भागांची. तीन हिवाळ्यांतल्या रात्रींची पावती कोण देणार? बाजारभावाने मूल्य धरले तर त्या श्रमाला काहीच किंमत येत नाही; म्हणून मोटार पुरी झाल्यावर उभयपक्षी आगाऊ ठरविलेल्या मूल्याचे विमापत्र घेण्याची रीत या मंडळींत पडली. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातील ही सर्वांत न्याय्य गोष्ट होय.

मध्यंतरी एक चमत्कारिक प्रसंग आला. स्लोव्हेनियात एका शेतावरील कोठारात मागे येणाऱ्या ट्रॅक्टरचा धक्का लागून एक मनुष्य शिडीवरून पडला. त्याच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला की, वाहनाचा त्याच्या नेहमीच्या कार्यास अनुसरून जो जो वापर होईल, तो खाजगी जागेत झाला तरी सक्तीच्या विम्याखाली येतो. ब्रिटनमध्ये शर्यतवाले आणि हौशी मोटारवाले यांच्यात एकच खळबळ उडाली. खाजगी अंगणात इंजिन सुरू करून मोटार चार हात मागे घेण्यासही आता सक्तीचा विमा लागणार की काय! ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२२ साली तेथील पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करून या निर्णयाचा परिणाम ग्रेट ब्रिटनपुरता काढून टाकला. २०११ पासून मात्र नोंदलेल्या प्रत्येक मोटारीचा अखंड विमा असावा, नाही तर ती रस्त्याबाहेर ठेवल्याचे सरकारला कळवावे, असा तेथील नियम आहे. कधीच न नोंदलेल्या मोटारीला तो लागू होत नाही; परंतु जुनी नोंदलेली मोटार फोडून तिच्या भागांवर नवी उभारणाऱ्याने त्या जुन्या नोंदीचे काय करावयाचे हे विसरून चालत नाही.

शेवटी मोटार पुरी होते. १९९८ पासून अशा एकेकट्या मोटारींची सरकारी तपासणी सुरू झाली, आणि २००९ पासून तिचे आजचे कडक स्वरूप आले. ब्रेक, दिवे, आसनपट्टे, इतकेच काय पण माणसाला लागतील अशा धारदार कडासुद्धा परीक्षक पाहतो. तपासणीची वेळ आधी ठरलेली असेल, तर नोंदणी नसतानाही मोटार चालवीत तेथे नेता येते. पण विमा हवाच. हे विमापत्र सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर काढतात, कारण मोटारीला तोवर दुसरे नावच नसते. त्या सकाळी बांधणीचा हलका विमा संपून रस्त्याचा विमा सुरू झालेला असतो, आणि ज्या मोटारीच्या भागांचे कूळ नीट सांगता येत नाही, तिला तपासणीनंतर ‘क्यू’ अक्षराने आरंभ होणारा क्रमांक मिळतो. तो क्रमांक कळविल्यावर विमेवाला सांगाड्याच्या आकड्यावर काट मारतो आणि त्या जागी नवे नाव लिहितो.