फॅरोच्या कारागिरांचे रेशन

जैसलमेरच्या पोस्टिंगवर पाण्याचा टँकर उशिरा आला की आम्ही सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसायचो. तेव्हापासून इजिप्तमधले देर अल-मदिना माझ्या मनात घर करून आहे. नाईलच्या पश्चिमेला, उघड्याबोडक्या डोंगरांत, फॅरोंच्या कबरी खोदणारे कारागीर या गावात राहत. जवळ पाणी नव्हते. ते गाढवांवरून यायचे.

त्यांचा एक हजेरीपट चुनखडीच्या चिपेवर लिहिलेला सापडला, दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाचा. गैरहजेरीची कारणे बघा: विंचू चावला, डोळे दुखतात, आईचे प्रेत गुंडाळायचे आहे, बिअर बनवायची आहे. शेवटचे कारण आमच्या सुभेदारसाहेबांनी मुळीच मानले नसते!

पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला ४ पोती गहू (आपल्या खपलीच्याच जातीचा) आणि दीड पोते जव. पोते सुमारे ७६ लिटरचे. जवाची बिअर व्हायची.

तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, हे रेशन थकले. माणसे काम टाकून निघाली आणि मंदिरामागे जाऊन बसली. आम्ही उपाशी-तहानलेले आहोत, कपडा नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फॅरोला लिहून कळवा, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्याची नोंद सापडते असा हा जगातला पहिला संप. तो पपायरस आज तुरीनला आहे.

थकलेले धान्य मिळाले. काही आठवड्यांनी पुन्हा थकले, आणि ते पुन्हा जाऊन बसले.