उत्तराधिकार नियोजन, प्रकल्पातील
प्रकल्पातील कळीच्या पदावरील व्यक्ती निवृत्त झाली, नोकरी सोडून गेली किंवा अकस्मात दगावली, तरी काम अडू नये म्हणून त्या पदासाठी माणसे आधीच हेरून तयार करण्याची पद्धत. प्रकल्प व्यवस्थापक, मुख्य अभियंता, खरेदीप्रमुख ही पदे यात प्रामुख्याने येतात. ज्येष्ठता हा एकमेव निकष मानला, की हे नियोजन कागदावरच उरते.

कंत्राटदारांशी तोंडी ठरलेल्या गोष्टी, आराखड्यातील बदलांमागची कारणे, कोणत्या कार्यालयात कोणाशी बोलावे याची जाण, हे सारे फायलीत क्वचितच सापडते. म्हणून भावी अधिकाऱ्याला उपप्रमुख नेमून काही काळ दोघांनी एकत्र काम करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. मात्र त्याला निर्णयाचे आणि खर्चाचे खरे अधिकार द्यावे लागतात. नुसते बैठकांना बसवून कोणी तयार होत नाही.

दिल्ली मेट्रोचे उदाहरण बोलके आहे. कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन 1997 मध्ये या मेट्रोचे व्यवस्थापकीय संचालक झाले. डिसेंबर 2011 अखेरीस ते पायउतार झाले, तेव्हा 1997 पासूनच संस्थेत असलेले आणि संचालक (कामे) हे पद सांभाळणारे मंगू सिंग त्यांच्या जागी आले. 2022 मध्ये त्यांच्यानंतर आलेले विकास कुमारही संस्थेतीलच संचालक (परिचालन) होते.

लहान उद्योगांत मालकच प्रकल्पप्रमुख असल्याने हा विषय बहुधा टाळला जातो.