भिंतीवरची शिवी आणि अडीच मिनिटांचं गाणं

बेलफास्टच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या इवल्याशा कंपनीने सप्टेंबर १९७८मध्ये एक रेकॉर्ड काढली. तिच्या वेष्टनावर एका भिंतीचा फोटो आहे. भिंतीवर कुणीतरी रंगाने एका बँडच्या नावाने अर्वाच्य शिव्या लिहून ठेवल्या आहेत. भिंत डेरी शहरातली, शिव्या लिहिणारे डेरीतले आणि ज्यांच्या नावाने शिव्या आहेत तो ‘द अंडरटोन्स’ हा बँडही डेरीचाच. बँडमधल्या पाच पोरांनी ती भिंत पुसली नाही. तिचा फोटो काढून आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर छापला. या रेकॉर्डवर चार गाणी होती. त्यातल्या ‘टीनेज किक्स’ने पुढे जे नाव मिळवलं ते इतर तिघांच्या वाट्याला आलं नाही.

या संगीतप्रकाराला आज पॉप पंक म्हणतात. पंकचा वेग, गोंगाट आणि ओबडधोबडपणा कायम. पण आत चाल मात्र साठच्या दशकातल्या प्रेमगीतांसारखी, एकदा ऐकली की ओठांवर बसणारी. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ने १९७६च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डमध्ये हे करून दाखवलं होतं आणि डेरीतल्या या मुलांनी त्या रेकॉर्डची पारायणं केली होती. मात्र डेरी म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. तिथे शहराचं नाव उच्चारण्यातही धोका होता. कॅथलिक माणूस ‘डेरी’ म्हणतो, ब्रिटनशी निष्ठा सांगणारा प्रोटेस्टंट ‘लंडनडेरी’. नावावरूनच बोलणाऱ्याची बाजू ओळखू येते. ऑगस्ट १९६९मध्ये तिथल्या बॉगसाइड वस्तीत पोलीस आणि रहिवासी यांच्यात तीन दिवस चकमकी झाल्या आणि त्यानंतर ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं. ३० जानेवारी १९७२च्या रविवारी नागरी हक्कांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या; तेरा माणसं त्या दिवशी गेली, एक पुढे गेला. अंडरटोन्सचे पाचही जण याच काळात, याच शहरातल्या कॅथलिक वस्त्यांमध्ये वाढले.

गाण्याबजावण्याची स्थितीही याहून वेगळी नव्हती. जुलै १९७५मध्ये ‘मायॅमी शोबँड’ हा लोकप्रिय वाद्यवृंद कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत असताना सैनिकी वेशातल्या निष्ठावादी अतिरेक्यांनी खोट्या नाक्यावर त्यांची गाडी अडवली आणि तीन वादकांना ठार केलं. त्यानंतर बाहेरचे कलाकार उत्तर आयर्लंडला यायला कचरू लागले. ऑक्टोबर १९७७मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये ‘द क्लॅश’ हा लंडनचा बँड वाजवणार होता, तो कार्यक्रम विम्याच्या कारणावरून ऐन वेळी रद्द झाला आणि जमलेली पोरं रस्त्यावर उतरली. बाहेरून कुणी येत नाही म्हटल्यावर जे काही करायचं ते आपणच करायचं, एवढंच उरलं. आपल्याकडे मेळे आणि हौशी नाटक मंडळ्या अशाच रिकामपणातून उभ्या राहिल्या असाव्यात, असं मला वाटतं. पण तो वेगळा विषय.

अंडरटोन्सचं काम अशाच घरगुती पद्धतीने चाललेलं होतं. जॉन आणि डेमियन हे ओनील बंधू गिटारवर, मायकल ब्रॅडली बासवर, बिली डोहर्टी ड्रमवर आणि गायला फर्गल शार्की. सराव ओनीलांच्या घरात, आणि कार्यक्रम बहुतेक ‘कॅस्बा’ नावाच्या गावातल्याच पबमध्ये. शार्की टीव्ही भाड्याने देणाऱ्या कंपनीत कामाला होता. लहानपणी त्याने आयरिश गायनस्पर्धांत बक्षिसं मिळवली होती, आणि त्याच्या आवाजातला तो विलक्षण कंप मला तरी तिथूनच आलेला वाटतो. पंकमध्ये गायक साधारणपणे ओरडतात. शार्की ओरडतानाही गातो. या गाण्याचं निम्मं यश त्या थरथरीत आहे.

गाणं लिहिलं जॉन ओनीलने, १९७७मध्ये. त्यातली गोष्ट सांगायची तर दोन ओळींत संपते. वस्तीतली एक मुलगी आवडते, घरी एकटेपणा आहे, तिला फोन करून बोलवावं आणि रात्रभर जवळ घ्यावं. बस. सुरुवातीला ड्रमवर एक छोटीशी तिहाईवजा थाप, मग दोन गिटारींचा जाड आवाज, टाळ्या, मध्ये इवलासा गिटारचा तुकडा, आणि २ मिनिटं २८ सेकंदांत सगळं आटोपतं.

बँड तेव्हा मोडायच्या बेतात होता. मोडण्याआधी आठवण म्हणून एक रेकॉर्ड हाती असावी, एवढीच इच्छा होती, असं ते पुढे सांगत आले आहेत. जून १९७८मध्ये बेलफास्टच्या ‘विझार्ड’ स्टुडिओत चारही गाणी मुद्रित झाली. खर्च सुमारे २०० पौंड. पैसे उभे करणारा माणूस टेरी हुली. लहानपणी खेळताना बाण लागून त्याचा एक डोळा गेला होता. बेलफास्टच्या ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, वारंवार बॉम्ब फुटणाऱ्या भागात, त्याने रेकॉर्डचं दुकान थाटलं होतं आणि तिथेच येणाऱ्या पोरांच्या बँडांसाठी कंपनीही काढली. पुठ्ठ्याची वेष्टनं परवडत नव्हती, म्हणून छापील कागदाचा मोठा ताव घडी घालून त्यात रेकॉर्ड सरकवायची. या घड्या हातानेच घातल्या जात. शिव्यांची भिंत जगापुढे गेली ती अशाच एका घडीवरून.

हुली रेकॉर्ड घेऊन लंडनला गेला. कंपन्यांनी नाक मुरडलं. एक प्रत तेवढी बीबीसीच्या ‘रेडिओ वन’वर रात्रीचा कार्यक्रम करणाऱ्या जॉन पीलपर्यंत पोचली.

पील तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. वीस वर्षांपुढच्या सगळ्यांना म्हातारं समजणाऱ्या पंकच्या दृष्टीने तो आजोबाच. त्याने सप्टेंबरमध्ये गाणं लावलं, संपल्यावर तेच पुन्हा लावलं. एका गाण्यामागून तेच गाणं असं बीबीसीवर सहसा होत नसे. पील नव्या रेकॉर्डना ताऱ्यांनी गुण देई आणि पाचापैकी या गाण्याला त्याने अठ्ठावीस तारे दिले, अशीही कथा आहे. त्याच सुमारास ‘सायर’ या अमेरिकन कंपनीचा मालक सीमोर स्टाइन इंग्लंडमध्ये गाडीतून जात असताना रेडिओवर त्याने हे गाणं ऐकलं आणि बँडचा शोध घ्यायला माणूस पिटाळला. सायर म्हणजे ‘रामोन्स’ची कंपनी. ज्यांची पारायणं केली त्यांच्याच पंगतीला ही पोरं जाऊन बसली, आणि तीही महिन्याभरात. सायरने ऑक्टोबरमध्ये रेकॉर्ड पुन्हा काढली, २६ ऑक्टोबरला बँड ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरदर्शन कार्यक्रमात झळकला. हक्क सोडण्याच्या बदल्यात आपण ५०० पौंड आणि ‘शांग्री-लाज’ या गायिकांच्या चमूचा सहीचा फोटो मागितला होता, तो फोटो मात्र कधी आला नाही, असं हुली सांगत असे.

एवढं होऊनही ब्रिटनच्या यादीत गाणं ३१व्या क्रमांकापुढे गेलं नाही. आकड्यांच्या भाषेत हे मध्यम यशच. आणि खरा वाद आकड्यांबाहेरचा होता.

त्याच वर्षी बेलफास्टच्या ‘स्टिफ लिटल फिंगर्स’ने बॉम्ब, तपासण्या आणि संशय यांवरची धगधगती गाणी काढली होती. काही गाण्यांचे शब्द गॉर्डन ओगल्वी या पत्रकाराच्या मदतीने लिहिलेले होते. बाहेरच्या जगाला उत्तर आयर्लंडकडून असंच काही हवं होतं. त्यामुळे डेरीसारख्या शहरातून येऊन मुलीला फोन करायच्या गोष्टी गाणाऱ्यांना प्रश्न विचारला जाई की तुमच्या गाण्यात तुमचं शहर कुठे आहे? आपल्याकडे फडके-खांडेकर वादापासून ज्यांनी ‘कलेसाठी कला की जीवनासाठी’ हे ऐकलं आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. डेरीच्या मुलांना दंगलींचं भांडवल करणं पटत नव्हतं. आम्ही रोज तेच पाहतो, गाण्यात पुन्हा कशाला, असा त्यांचा रोख होता.

या भूमिकेला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण अलीकडे या गाण्यात ‘छुपा प्रतिकार’ शोधणाऱ्यांशीही जमत नाही. रात्र म्हणजे गस्त आणि झडती असलेल्या शहरात एक पोरगा रात्रभर दुसरंच काही मागतो, हे ऐकणाऱ्याला जाणवू शकतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मात्र मुलगीच होती, आणि तो हक्क त्याच्याकडून काढून घेऊ नये. राजकारण कळत नव्हतं असंही नाही. हाच बँड १९८१मध्ये तुरुंगातल्या उपोषणांचा आडून उल्लेख करणारं ‘इट्स गोइंग टू हॅपन!’ घेऊन आला. बॉबी सँड्स उपोषणात मरण पावला त्या आठवड्यात डेमियन ओनील टॉप ऑफ द पॉप्सवर दंडाला काळी फीत बांधून वाजवत होता. पुढे दोघे ओनील बंधू ‘दॅट पेट्रोल इमोशन’ या बँडमध्ये उघडपणे राजकीय बोलले. म्हणजे १९७८चं गप्प राहणं हा त्यांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

बँड १९८३मध्ये फुटला. शार्कीचं ‘अ गुड हार्ट’ १९८५मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. हल्ली तो इंग्लंडमधल्या नद्यांच्या प्रदूषणावर लढताना दिसतो. पीलने मात्र गाणं सोडलं नाही. आपल्या थडग्यावर यातली एक ओळ हवी, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. २५ ऑक्टोबर २००४ला पेरूमध्ये तो गेला. अंत्यविधीनंतर बरी सेंट एडमंड्सच्या कॅथेड्रलमधून शवपेटी बाहेर नेताना हेच गाणं वाजलं, आणि सफोकमधल्या ग्रेट फिनबरो या खेड्यात २००८मध्ये बसवलेल्या दगडावर त्याच्या जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट या खऱ्या नावासोबत ती ओळ कोरली आहे. बेलफास्टमध्येही एका पुलाजवळच्या भिंतीवर हीच ओळ रंगवली होती. बंदूकधाऱ्यांच्या भित्तिचित्रांच्या शहरात ती पोरकट वाटावी अशीच. २०१३मध्ये तिच्यावर रंग फासला गेला तेव्हा लोक खवळले.

त्याच वर्षी ‘वन डायरेक्शन’ या मुलांच्या बँडने हे गाणं ‘ब्लाँडी’च्या ‘वन वे ऑर अनदर’शी जोडून धर्मादाय निधीसाठी गायलं, आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाण्याला पस्तीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते या जोडगाण्याने आठवड्यात केलं. मायकल ब्रॅडली तोवर डेरीतच, बीबीसी रेडिओ फॉइलवर रेकॉर्ड लावत होता.