कुरडईचा चीक आणि फ्रान्सचा क्रीम पफ

चकलांब्याच्या बचतगटांतून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या. तव्यावर भाकरी असेल तर ती उलटा आणि ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत वाद झाला. आमच्यातल्या काही जणींनी गेवराईला एका वाढदिवसात क्रीम पफ खाल्ला होता. मोठ्या लिंबाएवढा, वरून खुसखुशीत, आतून पोकळ आणि पोकळीत गोड क्रीम. एकजण म्हणाली, हे आपण करून विकलं तर? पण त्यासाठी ओव्हन हवा आणि ओव्हनसाठी गटातून कर्ज. लगेच दुसरी म्हणाली, "ताई, ते बेकरीवाल्याचं काम. भाकरी थापणाऱ्या हाताला ते कुठं जमंल?" कर्ज म्हटलं की आपल्याकडं प्रश्न साधा नसतो. दरवर्षी दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, ती बहुतेक उचलीपायीच. म्हणून आम्ही ठरवलं, कर्जाचं नंतर बघू. आधी हा पदार्थ आला कुठून आणि तो इतके दिवस आपल्या हाताबाहेर का राहिला, ते समजून घेऊ.

हा पदार्थ फ्रान्सचा. तिथं या पिठाला 'शू' म्हणतात. हे ऐकल्यावर बैठकीत हशा पिकला, लेकरंबाळं असलेल्या घरात दुसरं काय होणार! फ्रेंच भाषेत 'शू' म्हणजे कोबी. भाजलेला गोळा छोट्या कोबीसारखा दिसतो, म्हणून ते नाव. हेच पीठ लांबट भाजलं की त्याला एक्लेअर म्हणतात. फ्रेंचमध्ये एक्लेअर म्हणजे वीज. आपल्याला मात्र एक्लेअर म्हटलं की दुकानातली चॉकलेटची गोळीच आठवते.

सन १५३३ मध्ये इटलीची कॅथरीन द मेदिची लग्न होऊन फ्रान्सच्या राजघराण्यात गेली आणि तिच्या स्वयंपाक्यांनी हे पीठ तिकडं नेलं, अशी एक गोष्ट सांगतात. तिला पक्का पुरावा नाही. पुरावा आहे तो अंतोनँ कारेम या कारागिराच्या कामाचा. तो पॅरिसमध्ये जन्मला. घरी इतकी गरिबी होती की लहानपणीच आईबापांनी त्याला रस्त्यावर सोडून दिलं. एका खानावळीत पडेल ते काम करत तो शिकला आणि पुढं राजेरजवाड्यांसाठी पेस्ट्री करू लागला. क्रीम पफला आजचं रूप आलं त्यात त्याच्या हाताचा मोठा वाटा आहे. म्हणजे राजवाड्यातला हा पदार्थसुद्धा एका टाकून दिलेल्या पोराच्या हातून घडला.

आता आपल्याकडं येऊ. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर पाव आला. तिथले ख्रिस्ती कारागीर, ज्यांना पोदेर म्हणतात, ते भट्टी चालवू लागले. पुढं मुंबई-पुण्यात इराणी आणि मुसलमान कारागिरांच्या बेकऱ्या निघाल्या. पण पाव-बिस्कीट खाल्लं की धर्म बुडतो, अशी समजूत उच्चवर्णीय घरांमध्ये फार काळ होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले हे सगळे तिथं होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात मोठा गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बिस्किटापायी!

विचार करा, जिथं मोठमोठ्या पुरुषांना ही शिक्षा, तिथं घरातली बाई भट्टीशी कशी जाणार? पुढं हळूहळू धाक कमी झाला. दिवाळीच्या आधी शहरातल्या बाया नानकटाईचे गोळे घरी करून, पत्र्याच्या ताटात मांडून बेकरीत भाजायला नेऊ लागल्या. मैदा आपला, तूप आपलं, मळणारे हात आपले. भट्टी तेवढी दुसऱ्याची. पुस्तकं लिहिण्यात मात्र बाया मागं नव्हत्या. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली एक हजार पाकक्रियांचं पुस्तक काढलं. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्यात माप वाटी-चमच्याचं होतं. त्यामुळं तराजू नसलेल्या घरातही पदार्थ बिघडेना.

आता कृती सांगतो. ऐकताना आपली कुरडई आठवा.

एक वाटी पाणी, अर्धी वाटी बिनमिठाचं लोणी आणि चिमूटभर मीठ उकळायला ठेवायचं. उकळी फुटली की एक वाटी मैदा एकदम टाकायचा आणि जोरात घोटायचं. चीक शिजवताना घोटतो तसंच, गुठळी राहू द्यायची नाही. गोळा कडा सोडून चकाकायला लागला की उतरवायचा. बोटाला सोसेल इतका निवू द्यायचा. मग एकेक करून तीन-चार अंडी फोडून फेटायची. गावरान अंडं लहान असतं, म्हणून शेवटचं अंडं बेतानं घाला. पीठ पळीवरून सावकाश खाली घसरलं पाहिजे. मग लिंबाएवढे गोळे अंतरावर घालून दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायचे.

यात ना सोडा, ना यीस्ट. मग फुगतं कसं? पिठात शिजलेलं पाणी तापून त्याची वाफ होते. ती बाहेर पडू बघते आणि गोळ्याला फुगवते. भाकरी टम्म फुगते ती याच वाफेनं. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेली की आपण उकळतं पाणी घालून मळतो. मैद्याला उकळत्या पाण्यात शिजवण्यामागं तीच समज आहे.

आम्ही पहिल्यांदा ओव्हनशिवाय केलं. जर्मनच्या पातेल्यात वाळू तापवली, आत ताटली ठेवली, झाकणावर निखारे ठेवले. दहा मिनिटांत एकीला राहवेना, तिनं झाकण उघडलं. सगळे पफ बसले! कवच ओलं होतं, वाफ निवली आणि पोकळी मिटली. दुसऱ्या वेळी गोळा गरम असतानाच अंडं टाकलं, तर अंड्याची भुर्जी झाली. तिसऱ्या वेळी धीर धरला, भाजून झाल्यावर सुईनं भोक पाडून आतली वाफ जाऊ दिली. एका वाटीचे वीसेक झाले. "जमंल का" विचारणाऱ्या बाईनंच पहिला फोडून पाहिला. आत पोकळ! तिनं तो हातात घेऊन सगळ्यांना दाखवला.

आतलं क्रीम कस्टर्डचंही चालतं. कस्टर्ड पावडर १८३७ साली इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. पण कवचात अंडं असतंच. ज्या घरात ते चालत नाही, त्यांना आधी सांगूनच विका.

तरीही कर्जाचा प्रश्न उरलाच. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढं लिज्जत झालं. त्यांनी विकलं ते हातात मुरलेलं आणि टिकणारं. पापड वर्षभर राहतो. दुधाचं क्रीम आपल्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये, आणि भारनियमनात फ्रीजचा भरवसा नाही. म्हणून आमच्या गटानं असं ठरवलंय: कोरडी कवचं भाजून घट्ट डब्यात ठेवायची, ती एक-दोन दिवस राहतात. क्रीम भरायचं ते मागणी आल्यावरच. अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करायची. तीन महिने वहीत मैदा, लोणी, अंडी, सरपण आणि आपली मजुरी, सगळं लिहायचं. शिल्लक दिसली तरच ओव्हनसाठी कर्ज, नाहीतर नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या तिघींनी सांगून ठेवलंय, "आमी परत येईस्तोवर वही जपून ठेवा, आमाला बी बघायचीय."

तुमच्या गटात कुणी हे करून बघितलं, तर काय बिघडलं तेही कळवा. बसलेल्या पफांमधूनच आम्ही शिकलो. येतो मैत्रिणींनो, पुन्हा भेटू. नमस्कार.